नाण्यांची पारख आणि श्रावकाचे व्रत

मुळशी तालुक्यातील पौड मावळ हा शिवकालीन स्वराज्याचा मुलूख. मावळातील जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत तांब्याची शिवराई आजही भक्तिभावाने पुजली जाते. ही श्रद्धा जितकी निर्मळ, तितकाच तिच्यावर पोसलेला बनावट नाण्यांचा व्यापार मलिन होय.

इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पाडलेल्या सोन्याच्या होनावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे आढळतात. अस्सल होन अत्यंत दुर्मिळ असल्याने नकली होनांचा सुळसुळाट झाला आहे.

शिवराई ठशावर हातोडा मारून पाडीत. घाव मध्यावर बसेलच असे नाही; म्हणून कुठे ‘श्री’ अर्धा, तर कुठे ‘पति’ कडेबाहेर. दोन अस्सल नाणी तंतोतंत सारखी असत नाहीत. घाव, झीज व तडा एकाच जागी असलेली दोन नाणी दिसली, तर ती एकाच साच्यातून ओतलेली समजावीत. ओतीव नाण्यावर भिंगातून बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात व काठावर सांधा कानशीने घासल्याची खूण राहते. मात्र नव्या ठशावर पाडलेल्या नकलेत यांपैकी काहीच सापडत नाही. तेथे अक्षरवळण, वजन व धातूचा कस संग्रहालयातील अस्सल नाण्याशी ताडूनच पाहावा लागतो. ज्याने अस्सल पुष्कळ पाहिले, त्यालाच नक्कल ओळखता येते.

ही विद्या जैन परंपरेस नवी नाही. दिल्लीच्या टाकसाळीशी संबंधित असलेले श्रीमाल कुळातील जैन श्रावक ठक्कुर फेरू यांनी इ. स. १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा प्राकृत ग्रंथ रचला. नाण्यांचे वजन, कस व मूल्य त्यांनी त्यात नोंदविले. देवगिरीच्या यादवांची नाणीही त्यातून सुटली नाहीत. आपले ज्ञान गुपित न ठेवता त्यांनी ते बंधू व पुत्रासाठी लिहून ठेवले.

त्याहून पूर्वी आचार्य उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले. चोरीचा माल घेणे हा त्यांतील एक, तर ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे नकली वस्तू खरी म्हणून खपविणे, हा दुसरा. पहिल्याचा संबंध आजच्या कायद्याशीही पोहोचतो: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. दुसऱ्याची कसोटी त्याहून कठीण आहे. फसून घेतलेले खोटे नाणे कळून-सवरून पुढच्याच्या हाती देण्याचा मोह जो आवरतो, तोच खरा पारखी.