स्वमग्नांची संमति : एका कलमाचे पाठभेद

पोथीच्या दोन प्रतींत एका शब्दाचा फरक पडला म्हणजे अर्थ कोठल्या कोठें जातो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. कायद्याच्या पाठांतही तोच प्रकार होतो. मात्र तेथें अर्थ पालटला म्हणजे त्याचा परिणाम कोणाच्या तरी देहावर होतो. स्वमग्न स्त्रीच्या गर्भाविषयीं तिची स्वतःची संमति लागते, कीं पालकाची पुरते, हा प्रश्न अशाच एका शब्दावर येऊन ठेपला आहे. त्या शब्दाचा वृत्तांत येथें देतों.

प्रथम नांवाविषयीं. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यांचा. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्व. परंतु त्यांनीं तो एका निराळ्या मनोविकाराचें लक्षण म्हणून योजिला होता. लिओ कॅनर यांनीं सन १९४३ मध्यें अकरा मुलांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं, त्यांत तीन मुली होत्या. तेव्हांपासून हा शब्द आजच्या अर्थाकडे वळला. मराठींत 'स्वमग्न' रूढ झाला. 'मग्न' हें मस्ज् धातूचें रूप, अर्थ बुडालेला. शब्द सुबक खरा. पण मनुष्य आपण होऊन स्वतःत बुडाला असा त्यावरून भास होतो, तो आम्हांस मान्य नाहीं. ही घडण बाळपणापासूनचीच असते.

आतां मूळ पाठ. सन १९१२ च्या भारतीय ल्यूनसी कायद्यानें 'ल्यूनॅटिक' या एका शब्दांत मंदबुद्धि व चित्तभ्रष्ट या दोघांनाही कोंडलें. सन १९७१ च्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यानें तीच व्याख्या जशीच्या तशी उचलली, आणि अशी स्त्री सज्ञान असली तरी पालकाची लेखी संमति आवश्यक ठरविली. तिच्या स्वतःच्या संमतीचा त्या पोटकलमांत उल्लेखच नाहीं.

सन १९९४ च्या फेब्रुवारींत शिरूर येथील शासकीय संस्थेंतील मतिमंद म्हणून नोंदलेल्या स्त्रियांचे गर्भाशय पुण्यास ससून रुग्णालयांत शस्त्रक्रिया करून काढण्यांत आले. मासिक पाळीची स्वच्छता त्यांस राखतां येत नाहीं, हें कारण देण्यांत आलें. स्त्रियांच्या संघटनांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. हें प्रकरण उपर्युक्त कलमाखालीं येत नव्हतें. पण वृत्ति तीच. पुढील वर्षाच्या अपंगांविषयींच्या कायद्यांत सात प्रकार गणले गेले, त्यांत स्वमग्नतेचें नांव नव्हतें. तें केंद्रीय कायद्यांत आलें सन १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें.

सन २००२ च्या दुरुस्तींत 'ल्यूनॅटिक' जाऊन 'मानसिक रुग्ण' हा पाठ आला, व त्याच्या व्याख्येंत मतिमंदत्व वगळलें गेलें. हें वगळणें कोणाच्या ध्यानांत फारसें आलें नसावें. चंदीगडच्या एका शासकीय आश्रयगृहांतील मतिमंद स्त्रीचा गर्भ पाडावा असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें तो रोखला, आणि २८ ऑगस्ट २००९ च्या निकालपत्रांत नेमकें या अपवादावर बोट ठेविलें : मतिमंदत्व म्हणजे मानसिक रोग नव्हे, सबब तिच्या संमतीवांचून गर्भपात करतां येत नाहीं. तिला मूल हवें होतें. एका वर्ज्यपदानें केवढें काम केलें!

परंतु स्वमग्नतेचें काय? व्याख्येंतून मतिमंदत्व सुटलें, स्वमग्नता नांवानें सुटली नाहीं. तेव्हां अक्षरशः वाचलें तर तल्लख बुद्धीच्या स्वमग्न स्त्रीपुढेंही 'मानसिक विकार' म्हणून पालकाच्या सहीचा कागद ठेवितां येईल, आणि मतिमंद स्त्रीस मिळालेलें संरक्षण तिला मिळणार नाहीं. हा अर्थ आम्हांस विपरीत वाटतो. सन २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें आपल्या परिशिष्टांत स्वमग्नता बौद्धिक दिव्यांगतेखालीं घातली असून मानसिक आजार निराळा मांडिला आहे. जुन्या पाठाचा अर्थ या नव्या पाठाच्या उजेडांतच लाविला पाहिजे. त्याच कायद्याच्या १० व्या कलमान्वयें स्वतंत्र व समजून दिलेल्या संमतीवांचून वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करतां येत नाहीं. २५ व्या कलमांत लैंगिक व प्रजननविषयक आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र ९२ व्या कलमांत तीव्र दिव्यांगतेच्या प्रसंगीं वैद्याचें मत व पालकाची संमति यांवर गर्भपाताची मोकळीक ठेविली आहे. जुना पाठ समासांतून पुन्हां आंत शिरला तो असा.

'समजून दिलेली' या विशेषणाचें ओझें खरें तर रुग्णालयावर पडतें. पुष्कळ स्वमग्नांस प्रखर दिवा, गलका, न सांगतां केलेला स्पर्श असह्य होतो. लाक्षणिक बोलणें ते वाच्यार्थानें घेतात. 'खालीं कांहीं त्रास आहे का?' असें आडपडद्यानें विचारल्यास उत्तर चुकीचें येतें, आणि मग तीस समजत नाहीं असा शेरा कागदावर पडतो. अवयवाचें नांव घेऊन विचारावें, तपासणींत काय काय होणार तें क्रमानें, लागल्यास चित्रें दाखवून, आधीं सांगावें, आणि उत्तरास वेळ द्यावा. कित्येकजणी बोलत नाहींत, पण लिहून किंवा खुणेनें उत्तर देतात. तें उत्तर त्यांच्याच नांवानें कागदावर उतरविलें पाहिजे.