दर्या आणि दऱ्या

कोकणात समुद्राला दर्या म्हणतात. देवरूखच्या माथ्यावरच्या सह्याद्रीत असतात त्या दऱ्या. ‘र’ची तऱ्हा बदलली की अर्थ बदलतो. हे संगणकाला शिकवायचे कुणी?

१९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांना खुला केला. त्यावर १९९३ मध्ये डेबियन उभी राहू लागली; तिच्यातून २००४ मध्ये उबुंटू आणि २००७ मध्ये आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ निघाली. २००४ मध्येच रेड हॅटने भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ फॉन्ट खुले केले.

घराणी अनेक, पण रीत एकच : मालकाची परवानगी न मागता ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावे आणि सर्वांना वाटावे. म्हणून बाजार लहान असलेल्या भाषेलाही आपल्या ‘ऱ्य’साठी कुणाच्या दारी उभे राहावे लागत नाही. हे काम अजून चालू आहे, मंडळी.