एकाच डब्यातला ऊद आणि लोबान

बेळगावच्या खडेबाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानात मी ऊद मागितला. शेजारच्या बाईंनी कानडीत लोबान मागितला. दुकानदारानं दोघांनाही एकाच डब्यातून पुडी बांधून दिली.

गंमत अशी, की मुळात दोन्ही नावं या मालाची नव्हेत. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड, त्यातही अगरूचं सुवासिक लाकूड. अरबांचं ते तंतुवाद्य, तेही ऊदच. मराठीत येईपर्यंत लाकूड मागं राहिलं आणि नाव चिकटलं राळेला. आपली उदबत्ती त्यातलीच, आणि इकडची कानडी 'ऊदिनकड्डी'ही. 'लुबान'च्या मुळाशी पांढरेपणा आहे, दुधाचा. ते नाव अरबस्तानातल्या धुपाचं. सुमात्रातल्या स्टायरॅक्स झाडाच्या सालीला चिरा दिल्या की पाझरतो तो आपल्या पुडीतला माल. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी' म्हणाले, कारण सुमात्राही त्यांच्या लेखी जावाच! १४व्या शतकातला प्रवासी इब्न बतूताही हेच नाव घेतो. युरोपात पोचताना पुढचा 'लु' गळाला. त्यांना ते उपपद वाटलं असावं. उरलेल्या 'बानजावी'चं झालं बेंझॉइन. इथून चोर्ला घाट उतरून गेलं की गोवा. तिथं १५६३ साली छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्तानं या एका राळेवर अख्खा संवाद रचलाय.

घरी येऊन पुडी सोडली. तांबूस ढेप, तिच्यात फोडलेल्या बदामासारखे पांढरे तुकडे. निखाऱ्यावर खडा टाकला, तो वितळला, बुडबुडला, आणि गोडसर धूर घशाला लागला. वर गार ताटली धरली. थोड्या वेळानं तिच्या पाठीवर केसासारख्या बारीक पांढऱ्या सुया दिसू लागल्या. हे बेंझोइक आम्ल; ठसका लागतो तो त्याचाच.

१८३३च्या सुमारास जर्मन रसायनज्ञ मिचरलिखनं हेच आम्ल चुन्याबरोबर तापवलं आणि निघालेल्या द्रवाला 'बेन्झिन' म्हटलं. फॅरेडेनं तोच द्रव १८२५ सालीच दिव्याच्या गॅसच्या गाळातून वेगळा केला होता, पण त्यानं दिलेलं नाव टिकलं नाही. जर्मन माणूस आज पंपावर पेट्रोलला 'बेन्झिन' म्हणतो, ते या राळेवरून. मर्सिडीजवाल्या बेंझचा इथं काही संबंध नाही. सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरात २११ दिसतो, तो सोडियम बेंझोएट, याच आम्लाचा क्षार. आता तो कारखान्यात बनतो, झाडाला चीर द्यावी लागत नाही. औषधाच्या दुकानात वाफाऱ्यासाठी टिंक्चर बेंझॉइन मिळतं, त्यात मात्र अजून राळच.

हे सगळं मी आईला ताटली दाखवत सांगत होतो. बाळाच्या धुरीसाठी आणलेला ऊद मी असा संपवतोय, हे तिला पसंत नव्हतं.

"सुया कसल्या त्या? दे इकडं," म्हणाली, आणि ताटली घासायला घेऊन गेली.