शिलेदार, शिपाई आणि आम्ही

हत्यार धरणारा आणि घरीं राहणारा असे समाजाचे दोन भाग प्रत्येक राष्ट्रांत असतातच; परंतु ते परस्परांस ओळखतात कीं नाहीं, हा प्रश्न निराळा आहे. महाराष्ट्रांत एके काळीं निकट असलेले हे दोन भाग पुढें कसे दुरावले, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

शिवकालीन घोडदळांत बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिरास घोडा सरकारांतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. पावसाळ्यांत लष्कर छावणीस परतावें आणि दसऱ्यास पुन्हा मुलुखगिरीस निघावें, असा शिरस्ता सभासदानें नमूद केला आहे. सीमोल्लंघन हा त्या काळीं नुसता विधि नव्हता. वाटा सुकल्यावर घर सोडण्याचा तो खरोखरीचा मुहूर्त होता.

मात्र हा निकटपणा आपोआप टिकत असे, असें समजणें भाबडेपणाचें होईल. चिपळुणाजवळच्या छावणीस शिवाजी महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्धच आहे. दाणा व गवत बेतानें न वापराल तर पुढें कुणब्यांच्या घरांत हात घालाल, आणि मग याहून मोंगल बरे असें रयतेस वाटेल, हा त्याचा आशय. शिपाई आणि रयत यांच्यांत वितुष्ट येण्यास एक पावसाळाहि पुरे होतो, हें त्या राजानें ओळखलें होतें. उत्तर पेशवाईंत अरब, पुरभय्ये इत्यादिकांच्या पगारी पलटणी वाढल्या आणि हें अंतर रुंदावलें.

तरीहि पक्की भिंत उभी राहिली ती इंग्रजी अमलांत. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली आणि लौकरच शहराच्या पूर्वेस छावणी वसली. पुणेकरानें तिला ‘लष्कर’ हेंच नांव दिलें. तेथील बाजार, बंगले व कारभार सारेंच पेठांहून निराळें. शिपाई आतां बारमाही पगाराचा व पेन्शनीचा धनी झाला. तर १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सामान्य नागरिकाच्या घरांतील हत्यार परवान्यावांचून गुन्हा ठरलें.

या छावणीनें कांहींच दिलें नाहीं असें नाहीं. गांवानें ज्यांस वेशीबाहेर ठेविलें, त्या महार शिपायांस मुंबईच्या सैन्यांत हुद्दा मिळाला व त्यांच्या मुलांस शाळा मिळाली. डॉ. आंबेडकरांचा जन्म १८९१ सालीं महूच्या छावणींत झाला. त्यांचे वडील सुभेदार असून लष्करी शाळेंत शिक्षक होते. परंतु त्याच सुमारास ‘लढवय्या जातीं’चें खूळ बळावलें आणि महारांची भरती बंद पडली. गोपाळबुवा वलंगकरांनीं १८९४ सालीं अर्ज तयार केला, तोहि व्यर्थ गेला. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावें लागलें.

पहिल्या महायुद्धांत कूतच्या वेढ्यांत मराठ्यांच्या तीन पलटणी सांपडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें. वृत्तपत्र वाचणाऱ्या घरांत ही वार्ता राजकारणाची म्हणून पोंचली असेल; ज्या घरांत ती सुतकाची म्हणून पोंचली, तीं घरें बहुधा दुसरीं होतीं. एकाच प्रांतांत, एकच भाषा बोलणाऱ्या लोकांत हें घडावें, यांत आमच्या मतें या दुराव्याचें खरें गांभीर्य आहे.

१९४७ नंतर परकी सत्तेकडे बोट दाखविण्याची सोय राहिली नाहीं. १९६१ सालीं साताऱ्यास सैनिकी शाळा निघाली. खडकवासल्याची प्रबोधिनी तर पुण्याच्या अंगणांतच आहे. तरीहि सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवाच्या नांवापुढें ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, आणि सुशिक्षित कुटुंबांस तो परक्या जगांतला वाटतो. युद्ध व्हावें कीं न व्हावें, यावर हिरिरीनें मत देणारा वर्ग एक आणि त्या मताची किंमत मोजणारा वर्ग दुसरा, ही स्थिति लोकशाहीस हितावह नाहीं. शिपायाचा गौरव करण्यास आपण चुकत नाहीं. त्याच्या घराची ओळख करून घेणें मात्र अद्याप राहिलें आहे.