कुरडईची भाजी आणि जपानी रामेन

चैत्राचें ऊन तापूं लागलें म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यांत, 2024 पर्यंत ज्याला अहमदनगर जिल्हा म्हणत त्या मुलखांत, पारनेर-पाथर्डीकडच्या खेड्यांतून अंगणांत व धाब्यावर जुनीं लुगडीं पसरलेलीं दिसतात आणि त्यांवर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी वाळत असतात. त्याच गांवच्या किराणा दुकानाच्या दारांत, दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्सच्या पिवळ्या-तांबड्या पुड्यांची माळ लोंबते. पहिली वस्तु आजीची आणि दुसरी नातवाची, पहिली देशी आणि दुसरी परकी, असा निवाडा लोक सहज करून टाकतात. इतिहास पाहूं गेलें असतां हा निवाडा फारसा टिकत नाहीं.

धान्याच्या पिठाची तार काढून ती शिजविण्याची कला फार प्राचीन आहे. चीन देशांत लाजिया येथें सुमारें 4000 वर्षांपूर्वींच्या एका पालथ्या वाडग्याखालीं अशा तारा सांपडल्याचें 2005 सालीं प्रसिद्ध झालें. आपल्याकडे सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथांत ‘सेविका’ नांवाचें पक्वान्न येतें. गव्हाच्या पिठाच्या जवाएवढ्या बारीक वळ्या करून वाळवाव्या आणि दुधांत शिजवून तूप-साखरेसह खाव्या, असें त्याचें वर्णन आहे. हें वर्णन लांब शेवईपेक्षां गव्हल्यांस अधिक जुळतें हें खरें. परंतु पीठ वळावें, वाळवावें व सवडीनें शिजवावें, ही मूळ युक्ति त्यांत पुरी आलेली आहे.

आतां जपानकडे वळूं. रामेन हें जपानचें लाडकें अन्न खरें, पण त्याचें मूळ चिनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाका शहरांत अन्नाची टंचाई असतां, एका वाडगाभर गरम रामेनसाठीं थंडींत रांगा लावून उभीं राहिलेलीं माणसें मोमोफुकु आंदो या गृहस्थानें पाहिलीं. तें दृश्य त्याच्या मनांतून गेलें नाहीं. पुढें 1958 सालीं त्यानें झटपट रामेन बाजारांत आणलें. युक्ति अशी कीं, मैद्याच्या तारा वाफेवर शिजवावयाच्या व मग कढत तेलांतून काढावयाच्या. तारेंतील पाणी वाफ होऊन निघून जातें व मागें सूक्ष्म छिद्रें राहतात. उकळतें पाणी ओततांच तें त्या छिद्रांतून आंत शिरतें आणि तार पूर्ववत् मऊ होते. म्हणजे दोन मिनिटांचें श्रेय चुलीचें नव्हे; शिजविण्याचें काम कारखान्यांत आधींच उरकलेलें असतें.

नेमकें हेंच कुरडईंत घडतें. शेवई कच्च्या कणकेची वाळवितात. कुरडई मात्र आधीं शिजवितात. गहूं तीन दिवस भिजवावयाचा, रोज पाणी बदलावयाचें, मग वाटून चीक गाळावयाचा, रात्रभर तो निवळूं द्यावयाचा, पहांटे उकळत्या पाण्यांत मीठ-हिंग घालून घेरावयाचा आणि हाताला चटके बसत असतां सोऱ्यांतून पाडावयाचा. उन्हें चढण्यापूर्वीं घाणा संपला पाहिजे, म्हणून शेजारणी एकमेकींच्या घरीं पाळीपाळीनें जात. मुलांचें लक्ष असे तें भांड्याच्या तळाशीं उरलेल्या ऊन चिकाकडे.

ही वाळलेली कुरडई तळून खातात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पर्जन्यछायेंतील या जिल्ह्यांत हिरवी भाजी मिळेनाशी झाली म्हणजे तीच कुरडई गरम पाण्यांत भिजवीत, निथळून घेत, आणि कांदा, लसूण, मोहरी व तिखटाच्या फोडणींत परतीत. हीच कुरडईची भाजी. आधीं शिजविलेली, वाळवून सांठविलेली, गरम पाण्यानें मऊ होणारी आणि मसाल्यानें रुचकर होणारी तार, असें झटपट नूडल्सचें लक्षण केलें तर ही भाजी त्यांत अचूक बसते. आंदोप्रमाणें येथेंही टंचाईच कारण झाली. फक्त शोध लावणाऱ्या बायांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत.

आतां चवीचा प्रश्न. पक्षपात न करतां बोलावयाचें तर दांताखालीं नूडल्सच सरस ठरतात. चीक गाळतांना गव्हाचा चिवट अंश चोथ्याबरोबर निघून जातो, त्यामुळें भिजलेली कुरडई गुळगुळीत व नाजूक लागते, आणि पाणी थोडें जास्त झालें कीं तिचा लगदा होतो. मैद्याच्या तारेंत तो चिवटपणा शाबूत असतो. रामेनच्या कणकेंत तर क्षार घालून तो आणखी वाढवितात. आपल्या पापडखाराचाच तो भाऊबंद म्हणावा. उलट पक्षीं, नूडल्सच्या तारेला स्वतःची चव जवळजवळ नाहीं. जी कांहीं आहे ती पुडींत. कुरडईला तीन दिवसांच्या आंबण्यानें आलेली किंचित् आंबूस रुचि असते व ती फोडणीखालींही लपत नाहीं.

पुडीच्या बाबतींत भारतीय जिभेनें आपला कौल केव्हांच दिला आहे. मॅगी 1983 सालीं आली, जपानी घराण्याचें टॉप रामेन 1991 सालीं आणि यिप्पी 2010 सालीं. यिप्पीची वडी गोल असल्यामुळें ती भांड्यांत न मोडतां बसते व तारा लांब राहतात, हा तिचा खरा गुण. कोंबडीच्या रसाच्या, करीच्या, आट्याच्या अशा नाना तऱ्हा निघाल्या. तरी गादी मसाल्याचीच राहिली. हळद, धणे, जिरें, कांदा, लसूण हीं मंडळी घरच्या फोडणींतलींच; ओळखीच्या चवीला पाहुणचार लवकर मिळतो. जून 2015 मध्यें अन्नसुरक्षा प्राधिकरणानें मॅगीच्या नऊ प्रकारांवर बंदी घातली, ऑगस्टांत मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द करून फेरतपासणीचा हुकूम दिला आणि नोव्हेंबरांत माल पुन्हा दुकानांत आला. गिऱ्हाईक तर वाटच पाहत होतें.

जपानांत रामेनचे रस मुख्यतः चार: मिठाचा, सोयाबीनच्या आंबविलेल्या रसाचा, मिसोचा आणि डुकराच्या हाडांचा. वर डुकराचें मांस, बांबूचे आंबविलेले कोंब, समुद्रशेवाळ, अर्धें उकडलेलें अंडें. यांपैकीं अंडें नगरकडे निर्वेध चालेल. शेवाळाच्या जागीं परतलेली कांद्याची पात आणि बांबूच्या जागीं कुटलेले शेंगदाणे घातले तर कुरडईच्या भाजीचा मऊपणाचा दोष बराच झांकला जाईल. कुटाला दांताखालीं कण लागतो, आणि तीच उणीव तेथें असते.

कच्च्या मालाची वाण तर मुळींच नाहीं. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या निफाड येथील केंद्रानें काढलेला ‘पंचवटी’ हा टणक दाण्याचा गहूं शेवया-कुरडयांसाठीं मुद्दाम वाखाणला जातो. बचत गटांच्या स्त्रिया कुरडया करून विकतात, रुखवतांतही ती मानानें मांडतात. पण विकत घेणारा ती कढईंत सोडतो. ती भिजवावी किती वेळ, पाणी केव्हां निथळावें, मीठ आधींच आहे म्हणून हात कोठें आखडावा, हें पुड्यावर छापलेलें नसतें. तें सासूकडून सुनेला चुलीपाशीं कळत असे. कुरडईची भाजी करणारा हात ज्या घरांत अजून आहे, तेथें तिची कृति या वैशाखांतच लिहून घ्यावी. पुढच्या वर्षावर टाकूं नये.