ओराच्या मागावर, मागे मागे

साल १९१०. सुंबावा आणि फ्लोरेस यांच्या मधल्या खवळत्या सामुद्रधुनीतून तुमची होडी कोमोडोला लागते. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणजे गर्द रान, ही कल्पना होडीतच ठेवून उतरा. इथे करपलेलं गवत, बोडके डोंगर आणि उन्हात उभे ताड. पुढे डच अधिकारी व्हान स्टाइन व्हान हेन्सब्रुक चालतोय. जमिनीवर राहणाऱ्या मगरीची वदंता त्याच्या कानी आलीय. बेटावरचे लोक तिला ओरा म्हणतात.

थांबा. वाटेच्या कडेला जे ओंडक्यासारखं पडलंय, ते श्वास घेतंय. दुभंगलेली पिवळी जीभ बाहेर येते, हवेतला वास टिपून आत जाते. ही मगर नव्हे, दहा फुटांपर्यंत वाढणारी घोरपड आहे. सह्याद्रीतल्या घोरपडीची सख्खी नातलग, त्याच व्हॅरानस गटातली. तेवढ्यात पाण्याकडे निघालेलं हरीण जवळून जातं. झडप, एक चावा, आणि हरीण निसटतं. ओराला घाई नाही. तिचं विष रक्त गोठू देत नाही, रक्तदाब उतरवतं. शास्त्रज्ञ हे सांगतील २००९ मध्ये. हेन्सब्रुक मात्र एक ओरा मारून तिचं कातडं आणि फोटो जावाला धाडतो. तिथल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पीटर ओवेन्स १९१२ मध्ये तिचं वर्णन छापतात आणि विज्ञानाच्या दप्तरी ओराची नोंद होते.

आता ७०,००० वर्षं मागे, शेजारच्या फ्लोरेसवर. लिआंग बुआ गुहेच्या परिसरात जेमतेम साडेतीन फूट उंचीची माणसं वावरताहेत. बाहेर स्टेगोडॉन चरतोय, हत्तीचा ठेंगणा भाऊबंद. करकोचा मात्र तुमच्या उंचीचा. बेटावर राहून कुणी खुजं झालं, कुणी थोराड. ओरा तेवढी १९१० साली पाहिलीत तशीच.

मग ती एवढी मोठी झाली कुठे? ठेंगण्या हत्तींची शिकार करत ती बेटावरच वाढली असावी, असा एक तर्क होता. तो पडताळायला आणखी मागे चला, सुमारे ३८ लाख वर्षं, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये. ओरा इथे आधीच हजर आहे, तेवढ्याच अंगापिंडाची. म्हणजे बेटांनी तिला वाढवलं नाही, नुसतं सांभाळलं. मुख्य भूमीवरून ती नाहीशी झाली, फ्लोरेसवरचे स्टेगोडॉन आणि ती बुटकी माणसंही संपली; ही मात्र काही बेटांवर तगली.

आजच्या काळात परत या. कोमोडो १९८० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. रेंजरला सोबत घेतल्याशिवाय तिथे फिरू नका. पण बंदुकीपेक्षा आता वाढती उष्णता आणि चढता समुद्र ओराला भारी पडतोय. येत्या ४५ वर्षांत तिचा किमान ३० टक्के अधिवास जाईल, असा अंदाज देत जागतिक निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवलं आहे.