नोमच्या वाटेवरील श्वान

राजांचीं व सेनापतींचीं नांवें आम्ही पाठ करतों; ज्यांच्या पायांवर इतिहास चालला त्यांच्या पायांची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. येथें ‘पाय’ हा शब्द आम्ही अलंकारिक अर्थानें योजिलेला नाहीं. अलास्काच्या पश्चिमेस, बेरिंग समुद्राच्या कांठीं नोम नांवाचें गांव आहे. तेथें १९२५ च्या जानेवारींत घटसर्पाची साथ सुरू झाली. गांवचे एकुलते एक डॉक्टर कर्टिस वेल्च यांच्यापाशीं असलेल्या प्रतिविषाची मुदत टळून गेली होती. बंदर बर्फानें बंद, आगगाडी नेनाना ठाण्यापर्यंतच, आणि उघड्या बैठकीचीं तीं जुनीं विमानें त्या थंडींत उडविण्याचा धोका गव्हर्नरांनीं पत्करला नाहीं. उरली ती ६७४ मैलांची वाट आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या.

२७ जानेवारीच्या रात्रीं नेनानाहून निघालेलें औषधाचें पुडकें २ फेब्रुवारीच्या पहांटे नोमला पोंचलें. वीस गाडीवान व सुमारें दीडशें कुत्रे यांनीं तें हातोहात नेलें. ही कथा अनेकांनीं वाचली असेल. आम्हांस मात्र तींतील एक लहानसा प्रसंग विसरतां येत नाहीं.

मधला ३० मैलांचा टप्पा चार्ली इव्हान्स या तरुणाकडे होता. उष्णमान शून्याखालीं ६० अंश फॅरनहाइटच्याही खालीं उतरलेलें. त्याचे आघाडीचे दोन कुत्रे आंखूड केसांचे, मिश्र जातीचे. अशा कुत्र्यांच्या जांघेंत केस विरळ असतात, म्हणून तेथें सशाचें कातडें बांधावयाचें असतें. निघतांना तें राहून गेलें. वाटेंत दोघेही हिमदंशानें कोसळले. इव्हान्सनें त्यांच्या जागीं स्वतःस जुंपून घेतलें आणि गाडी ओढीत पुढचें ठाणें गांठलें. तोंपर्यंत ते दोघे मेले होते. औषध वेळेवर गेलें. चूक एका कातड्याएवढीच होती.

कुत्र्यास अंगची लोंकर आहे, त्याला थंडी कसली, अशी समजूत आपल्याकडेही आढळते. ती अर्धीच खरी आहे. त्याच्या पंजाच्या गादींत धमन्या व शिरा इतक्या जवळजवळ असतात कीं, खालीं जाणारें ऊन रक्त वर येणाऱ्या थंड रक्तास ऊब देतें. म्हणून बर्फावर उभें राहूनही सुदृढ कुत्र्याचें शरीर थंड पडत नाहीं. पण ही सोय ओल्या पायांपुढें हरते. बोटांमधील केसांत बर्फाच्या गोळ्या जमतात व त्यांनीं कातडी चिरते. यास्तव जाणते गाडीवान पंजांना मोजे चढवीत, मुक्कामावर बोटें उघडून पाहत, आणि स्वतः जेवण्यापूर्वीं कुत्र्यांना चरबीयुक्त मासळी घालीत. दमछाक हें दुसरें संकट. कडक थंडींत फार पिटाळलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसांस इजा होते. पहिल्याच टप्प्यावरचे कांहीं कुत्रे असेच निकामी होऊन पुढें दगावले.

कीर्तीचा हिशेब मात्र निराळाच झाला. लिओनार्ड सेप्पाला यांच्या बारा वर्षांच्या टोगोनें गोठलेल्या समुद्रावरून सर्वांत लांब व सर्वांत बिकट टप्पा पार केला. पण शेवटचे मैल गुन्नार कासेन यांच्या गाडीचे, आणि तिच्यापुढें बाल्टो. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा. सेप्पालांना हें लागलें, आणि आम्हांस त्यांत कांहीं गैर वाटत नाहीं. परंतु पुतळ्यानें बाल्टोचेंही पोट भरलें नाहीं. दोन वर्षांच्या आंत तो व त्याचे सहा सोबती लॉस एंजेलिसमध्यें तिकीट लावून दाखविल्या जाणाऱ्या एका खेळांत दुर्दशेंत सांपडले. क्लीव्हलंड शहरच्या लोकांनीं, विशेषतः शाळकरी मुलांनीं, वर्गणी जमवून त्यांना १९२७ सालीं सोडविलें व आपल्या प्राणिसंग्रहालयांत आणलें. बाल्टो तेथेंच १९३३ मध्यें वारला.

नोमपर्यंतच्या घसरगाड्यांची मोठी शर्यत १९७३ पासून होते; तिच्या वाटेचा कांहीं भाग तोच जुना. तींतही कुत्रे मरतात, आणि त्यावरून दरवर्षीं वाद होतात. तथापि वाटेंतील ठाण्यांवर पशुवैद्य असतात, आणि प्रत्येक कुत्र्यामागें आठ मोजे गाडींत असल्याखेरीज गाडीवानास पुढें जाऊं देत नाहींत.